१८०० वॉटचं खोकं आणि ६० वॉटचं अँप

मी मिरजेत गाणं शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरला क्लास असतो, महिन्यातून एकदा गुरुजींकडे पुण्याला जाणं होतं. गाडी २०१४ची स्विफ्ट. कोल्हापूरला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, म्हणजे आठवड्याचे निदान पाच तास मी गाडीत एकटी ऐकत असते. सध्या शिकत असलेला राग चार जणांनी कसा मांडलाय ते, विद्यार्थ्यांनी पाठवलेला रियाज, मागच्या बैठकीचं रेकॉर्डिंग. माझा अर्धा अभ्यास स्टिअरिंगमागे होतो. म्हणून गाडीतल्या आवाजावर मी दोनदा खर्च केला. पहिल्यांदा २२,५०० रुपये घातले आणि त्यातला फक्त वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, आज कामाचा राहिलाय. दुसऱ्यांदा ३०,२०० घातले, त्याला आता चौदा महिने झाले. हे लिहिणं त्या दुसऱ्या जोडणीबद्दल आणि तो बसवून देणाऱ्या कोल्हापुरातल्या मिस्त्रींबद्दल आहे.

कंपन्यांची नावं मी देत नाही. मॉडेल वर्षा-दोन वर्षांत बदलतात, तुम्ही दुकानात जाल तेव्हा माझंच मॉडेल मिळेल असं नाही. पाटीवरचे आकडे मात्र सगळे देते, कारण मला जे कळलं ते त्या आकड्यांतूनच कळलं.

आधी पहिला अनुभव, थोडक्यात. शहरातलं मोठं, चकचकीत दुकान. त्यांनी समोरच्या दारांत '३५० वॉट' लिहिलेले स्पीकर घातले, सीटखाली '१८०० वॉट'चं चार चॅनेलचं अँप, म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारा अँप्लिफायर, डिकीत दहा इंची वूफरचं खोकं. दुकानात उभ्या उभ्या मोठ्या आवाजात एक सिनेमातलं गाणं लावून दाखवलं, छातीत धडधडलं, मी पैसे दिले. घरी येताना आलाप लावला तेव्हा तानपुरा ऐकूच येईना. येत होता तो एक सपाट घूंऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की मागून एक बारीक शिट्टी वर चढायची, पाय काढला की उतरायची. महिन्याभरात मला त्या शिट्टीवरून गाडीचा वेग सांगता यायला लागला. तिसऱ्या महिन्यात डावा ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, गेला. आणि पुण्याहून परत येताना खंबाटकी घाट चढत असताना अँपवरचा लाल दिवा लागला आणि सगळं बंद पडलं. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालं, साताऱ्याच्या पुढे पुन्हा बंद. दुकानात नेलं तर म्हणाले, "मॅडम, अँप कमी पडतंय, ३००० वॉटचं घ्या."

ते मी घेतलं नाही. कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीचे वडील गॅरेज चालवतात. त्यांनी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडे पाठवलं. छोटा गाळा, एका वेळी एकच गाडी आत मावते. वय साठीच्या आसपास, मी त्यांना काका म्हणते.

काकांनी गाडी आत घेतली, अँप बघितलं आणि आधी विचारलं, "ताई, तुम्ही ऐकता काय?" मी सांगितलं. "मग ते लावा." मी एक जुनं मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग बंद करून अँपच्या बाजूचा फ्यूज काढून माझ्या हातात दिला. त्यावर २५ लिहिलेलं होतं.

"खोक्यावरचं वाचू नका. हे वाचा."

फ्यूज २५ अँपिअरचा. गाडी सुरू असताना साधारण १४ व्होल्ट. २५ गुणिले १४ म्हणजे ३५० वॉट, इतकीच वीज त्या अँपमध्ये शिरू शकते. हे जुन्या धाटणीचं, क्लास एबी. त्यात जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. राहिले पावणेदोनशे-एकशे नव्वद वॉट, तेही चारही चॅनेल मिळून. म्हणजे एका चॅनेलला पंचेचाळीसच्या आसपास. आत ३५० जात असताना बाहेर १८०० येणार कुठून? हा हिशेब दुकानात उभं राहून मोबाइलवर वीस सेकंदांत होतो. नव्या धाटणीच्या क्लास डी अँपमध्ये जवळपास ऐंशी टक्के वीज कामी येते, तिथे निम्म्याऐवजी तो आकडा धरायचा. मापायचा आकडा एकच, आरएमएस वॉट, म्हणजे सतत मिळणारी ताकद. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' हे शब्द दिसले की त्यापुढचा आकडा सोडून द्यायचा. पाटीवर 'सीटीए-२००६' हे मोजणीच्या नियमाचं नाव लिहिलेलं असेल तर वॉट ठरलेल्या पद्धतीने, १४.४ व्होल्टवर आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येऊ देता मोजलेले असतात. तो आकडा विश्वासाचा.

मी विचारलं, की मग अँप हवंच कशाला? डॅशबोर्डमधल्या माझ्या स्टिरिओ सेटवरच '५० वॉट गुणिले ४' लिहिलंय. त्यावर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. सेटच्या आतल्या चिपला गाडीचे १४.४ व्होल्टच मिळतात. ते पुरते, चौकोनी लहर करून ४ ओहमच्या स्पीकरवर सोडले तर १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. तो ५० तिथून येतो. पण चौकोनी लहर म्हणजे आवाज नव्हे, फाटलेला आवाज. स्वच्छ गोल लहर पाहिजे असेल तर कागदावरसुद्धा २६च्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात १८ ते २२ मिळतात. वेगळ्या अँपमध्ये आधी हे व्होल्ट वाढवून घेतात, म्हणून तिथे जास्त स्वच्छ ताकद मिळते. गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या स्पीकरला वीस वॉट पुरतात. पण विलंबित आलापाच्या हळू आवाजातून एकदम तानेवर जायचं तर थोडी शिल्लक हाताशी लागते, आणि ती सेटमध्ये नसते.

माझा डावा ट्वीटर याच चौकोनी लहरीने गेला होता. मला वाटत होतं जास्त ताकदीमुळे गेला. खरं उलट होतं. अँप कमी ताकदीचं, त्यावरचं गेनचं बटण (त्याबद्दल पुढे) शेवटपर्यंत पिळलेलं, बेस बूस्ट चालू. अँपची ताकद संपली की लहरीचे माथे कापले जातात, आणि त्या कापलेल्या कडांमधून वरच्या पट्टीतली ऊर्जा सतत ट्वीटरकडे जात राहते. नखाएवढी कॉइल ती, जळून जाते.

लाल दिव्याचं कोडं ओहमचं निघालं. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, तो जितका कमी तितका अँपवर ताण जास्त. दहा इंची वूफरमध्ये दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहम. पहिल्या दुकानाने त्या समांतर जोडल्या होत्या, म्हणजे २ ओहम, आणि त्यावर अँपचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एकाच स्पीकरला जोडून, लावले होते. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे १ ओहम. अँपच्या पाटीवर स्पष्ट छापलेलं होतं: ब्रिजला किमान ४ ओहम. घाटात, उन्हात, सीटखाली ते तापणार आणि स्वतःला वाचवायला बंद पडणार, हे ठरलेलंच होतं. काकांनी वूफरच्या खोक्याचे चार स्क्रू काढले, एक वायर इकडची तिकडे केली. दोन्ही कॉइल एकामागोमाग, ८ ओहम. ब्रिजवर प्रत्येक चॅनेलला ४ ओहम. पाच मिनिटांचं काम, शून्य खर्च. त्याच दिवशी जुन्या अँपनेसुद्धा लाल दिवा दाखवणं बंद केलं. ३००० वॉटचं अँप विकत घेऊन तसंच जोडलं असतं तर बहुधा तेही बंद पडलं असतं.

पण जुन्या अँपने मला पाहिजे तो तानपुरा दिलाच नसता. म्हणून नवं घेतलं. त्याची पाटी अशी: ४ ओहमवर ६० वॉट आरएमएस गुणिले ४, २ ओहमवर ८५ गुणिले ४, ब्रिज करून ४ ओहमवर १७० गुणिले २. फ्यूज २५-२५चे दोन. हिशेब घाला: ५० गुणिले १४ म्हणजे ७००, त्याचे साधारण निम्मे ३५०. चार चॅनेलचे २ ओहमवर ३४० लिहिलेत. आकडा जुळतो, म्हणजे पाटी खरं बोलते. माझा वूफर ८ ओहमवर आहे, त्यामुळे ब्रिजला १७० नाहीत, ६० अधिक ६० म्हणजे १२० वॉट मिळतात. वूफर २०० आरएमएसचा आहे. मला १२० पुरून उरतात.

स्पीकर निवडायला मात्र दुपार गेली. काकांच्या फळीवर साडेसहा इंची कंपोनंटचे दोन संच होते, म्हणजे दारातला मोठा स्पीकर वेगळा, ट्वीटर वेगळा, मध्ये खालचे-वरचे सूर दोघांत वाटणारी क्रॉसओव्हरची डबी. एक ११० वॉट आरएमएसचा, संवेदनशीलता ८७ डेसिबल. दुसरा ७० वॉटचा, संवेदनशीलता ९१. किंमत जवळपास सारखी. मी साहजिकच ११०चा उचलला. काकांनी तो परत ठेवला. "त्याला पोसायला दीडशे वॉट लागतील. तुमच्याकडं साठ आहेत."

याचा अर्थ मला घरी जाऊन कागदावर मांडल्यावर कळला. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ८७ आणि ९१ यांत ४चा फरक, म्हणजे अडीच पट. ९१च्या स्पीकरला ६० वॉट दिले की जो आवाज मिळतो, तोच ८७च्या स्पीकरमधून काढायला १५० वॉट लागतात. स्पीकरवरचे वॉट हे तो किती सोसेल ते सांगतात, किती वाजेल ते नाही. वाजण्याचं उत्तर त्या डेसिबलमध्ये आहे, आणि ते आपण कधी वाचतच नाही. एक मेख आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॉटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात, त्यामुळे तो आकडा ३ डेसिबलने फुगून दिसतो. दोन संचांची तुलना करताना दोन्हींवर एकच पद्धत लिहिली आहे का ते बघा. या दोन्हींवर १ वॉट, १ मीटर असंच होतं.

तर ७०चा स्पीकर, ६०चं अँप. स्पीकर अँपपेक्षा थोडा वरचढ, पण हाकेच्या अंतरावर. काकांचा नेम असाच असतो: अँपचे आरएमएस स्पीकरच्या आरएमएसच्या पाऊण ते सव्वापट. साठ भागिले सत्तर म्हणजे पंच्याऐंशी टक्के. बसतं.

आता वायरिंग. इथे फार वेळ घालवत नाही, पण जुन्या किटबद्दल एक सांगितलं पाहिजे. बॅटरीपासून अँपपर्यंतची ती जाडजूड लाल वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जाडी दिसत होती ती बरीचशी रबराची. गाडी सुरू ठेवून, गाणं मोठ्याने लावून मीटर धरला, तेव्हा बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि अँपच्या तोंडाशी १३.१. नवीन वायर शुद्ध तांब्याची, ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. आता अँपशी १३.९ मिळतात. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतरावर आहे. जुना चांगला दोन हात लांब होता, आणि त्या दोन हातांत वायर कुठे बॉडीला घासली असती तर आग थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. लहान मुलं बसवून गाडी चालवणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी एवढं बघावं.

दारांबद्दल मात्र मन भरून लिहायचंय, कारण माझ्या मते या तीस हजारांतले सर्वांत चांगले गेलेले पैसे दारांतल्या शीटचे आहेत. मिरजेत आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत पाच मिनिटांवर आहे. तानपुऱ्याचा भोपळा चिरफळलेला असेल तर तारा कितीही चांगल्या घाला, तो बोलत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले. गाडीचं दार म्हणजे स्पीकरचा भोपळा, आणि तो पत्र्याचा, आतल्या बाजूने भोकाभोकांचा. स्पीकर पुढे जितका आवाज फेकतो तितकाच मागे, उलट दिशेने. भोकं उघडी राहिली तर मागचा आवाज पुढे येऊन खालचे सूर खाऊन टाकतो. काकांनी बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिलची डॅम्पिंग शीट चिकटवली, रोलरने घासून घासून, मग आतली भोकं झाकली. दार लावतानाचा 'टण्ण' गेला, 'थप' राहिला. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती त्यांनी खडूने खुणा करून मोकळी ठेवली. आमच्याकडच्या पावसात ती बुजली तर दार आतून गंजायला वेळ लागत नाही. पहिल्या दुकानाने दारातला प्लॅस्टिकचा कागद काढून फेकून दिला होता, आणि जुलैत माझ्या डाव्या दाराच्या पॅडवर ओल आली होती. आता नाही येत.

स्पीकर बसवायच्या कड्या लाकडी भुशाच्या न घालता प्लॅस्टिकच्या घातल्या. भुशाची पाटी दोन पावसाळ्यांत फुगते.

फिटिंगला लागलेल्या दोन दिवसांतला शेवटचा दीड तास गेनवर गेला. याबद्दल मी कुठेच नीट सांगितलेलं ऐकलं नव्हतं. गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण, असं मला आणि बहुधा त्या पहिल्या दुकानालाही वाटत होतं. ते सेटकडून येणारे व्होल्ट आणि अँपची भूक यांचा मेळ घालायचं बटण आहे. माझा सेट मागच्या आरसीए सॉकेटमधून अँपला २ व्होल्ट देतो. दुसऱ्या एखाद्या सेटचे ४ असतील, तर त्याच अँपचा गेन तिथे खूप कमी लागेल. म्हणून 'माझा गेन अमुकवर आहे, तुम्हीही तेवढा ठेवा' या सल्ल्याला काही अर्थ नाही.

काकांनी काय केलं ते सांगते. स्पीकरच्या वायरी अँपवरून काढल्या. सेटचा बेस, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर. सेटचा आवाज ४० पैकी ३० वर. मग पेनड्राइव्हमधून एकच अखंड सूर लावला आणि अँपच्या तोंडाशी मीटर धरला, एसी व्होल्टवर. पाहिजे तो आकडा असा काढायचा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. मीटरवर १५.५ येईपर्यंत गेन हळूहळू वर, मग थांबायचं. वूफरसाठी १२० गुणिले ८, म्हणजे ९६०, वर्गमूळ ३१ व्होल्ट. वूफरला ५० हर्ट्झचा सूर लावला. दारांसाठी लोक १००० हर्ट्झचा लावतात, पण साधा पिवळा मीटर एसी व्होल्ट ४०० हर्ट्झपर्यंतच धड मोजतो, म्हणून काकांनी ४००चा लावला. हे त्यांनी सांगण्याआधी मी म्हटलं, "हा माझ्या तार षड्जापेक्षा किंचित उतरलाय." मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत, गाते, तार षड्ज ४१५च्या आसपास. स्पीकर तर काढलेले होते, सूर ऐकू आला तो त्यांच्या मोबाइलवर, सेटला लावायच्या आधी वाजवून बघताना. काका हसले नाहीत, वहीत लिहून ठेवलं.

एक गोष्ट त्यांनी खास माझ्यासाठी केली. तो सूर पूर्ण पातळीचा न घेता ५ डेसिबल खाली रेकॉर्ड केलेला घेतला. माझी रेकॉर्डिंग्ज जुनी, मैफलीतली, हळू आवाजाची. पूर्ण पातळीवर गेन लावला असता तर ३० वर ठेवूनही आलाप दबका वाटला असता. त्याची किंमत अशी, की हल्लीची भरगच्च आवाजात रेकॉर्ड केलेली गाणी मी २५च्या पुढे नेऊ नयेत. भाच्याला हे सांगून ठेवलंय.

आणि खर्ज. बहुतेक ठिकाणी दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झखालचं काही पाठवत नाहीत, ते सगळं वूफरकडे. तेच योग्य मानतात, आणि जोरात ऐकणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. काकांनीही ८०वरच लावलं होतं. पण पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर षड्ज १३९च्या जवळपास आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९वर. म्हणजे पंचम आणि जोडीच्या तारा समोरच्या दारांतून, आणि खर्जाचा तळ डिकीतून. तानपुरा दोन तुकड्यांत ऐकू येत होता. कुणाला हे जाणवणार नाही कदाचित, मला गाडी चालवता येईना. मी सांगितलं, काकांनी दोन्हीकडचा फिल्टर ६०वर आणला. आता खर्ज पुढच्या तारांच्या शेजारी आहे, आणि वूफरकडे राहिला फक्त तबल्याच्या बाँयाचा घुमारा आणि त्याच्या खालचं. मी खूप मोठ्याने ऐकत नाही म्हणून हे जमतं. तुम्ही ऐकत असाल तर ८०च ठेवा, नाहीतर दाराचा स्पीकर धापा टाकेल.

जुळणी तपासायला मी आमच्या मिरजेतच राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या, ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून काढलेली रेकॉर्डिंग्ज लावली. ती एकाच चॅनेलची, म्हणून आवाज बरोबर मधोमध, डॅशबोर्डच्या वर उभा राहायला हवा. जुन्या जोडणीत तो कधीच उभा राहिला नव्हता, दोन्हीकडे पसरलेला असायचा. कारण निघालं साधं: उजव्या दारातल्या स्पीकरच्या वायरी उलट्या. काकांनी दीड व्होल्टचा सेल लावून दाखवलं. बरोबर जोडलेला स्पीकर पुढे सरकतो, उलटा मागे. नव्या जोडणीत खाँसाहेब समोर बसले. मी ते गाळ्यातच, दार उघडं ठेवून ऐकलं. मिरजेच्या मुलीला यापेक्षा जास्त काय सांगायचं.

आता तक्रारी. काकांच्या फिटिंगनंतरही ती शिट्टी पूर्ण गेली नव्हती, रात्रीच्या शांततेत हळू ऐकताना यायची. मला दुसऱ्यांदा जावं लागलं, एक क्लास बुडाला. सेटचं अर्थिंग सैल होतं. काकांनी अँपचं अर्थ रंग खरवडून कच्च्या पत्र्यावर घेतलं होतं, पण सेटचं जुनंच ठेवलं होतं. ते बदलल्यावर शिट्टी संपली. पैसे घेतले नाहीत, पण हे पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. दुसरं, अँप ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली आहे आणि एप्रिल-मेमध्ये चांगलं तापतं. मागे बसणाऱ्याचे पाय त्याला लागतात. बंद मात्र एकदाही पडलेलं नाही, खंबाटकीतही नाही. तिसरं, काकांकडे नंबर लावून पंधरा दिवस थांबावं लागतं, आणि एक दिवसाचं काम सांगून दोन दिवस लागले. चौथी तक्रार माझीच विशेष: वूफरचं खोकं डिकीत असताना मागची सीट पाडून तानपुरा आडवा घालता येत नाही. यावर त्यांनी खोक्याला फिरवून काढता येणारा प्लग बसवून दिला, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी मी खोकं घरी ठेवते. वूफर नसतानाही ही जोडणी चांगली ऐकवते, इतकी की कधी कधी दोन-दोन आठवडे खोकं घरीच राहतं.

खर्च: कंपोनंट संच ७,८००, अँप १२,५००, तांब्याचं वायरिंग किट ३,४००, दोन दारांची शीट ३,०००, मजुरी ३,५००. पैसे कमी असतील तर आधी दारं आणि स्पीकर करा, अँप नंतर घ्या. ९१ डेसिबलचा स्पीकर सेटच्या वीस वॉटवरही चांगला बोलतो. ८७चा बोलणार नाही.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक तानपुरे करणारे चाचा माझ्याबरोबर कोल्हापूरला आले. जयसिंगपूरपर्यंत ते बाहेर बघत होते. हातकणंगल्याच्या अलीकडे त्यांनी हात वर केला, "थांबा ताई, मागं घ्या जरा." मी दहा सेकंद मागे घेतलं. ते पुढे वाकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "डावीकडच्या तानपुऱ्याचा पंचम उतरलाय. आणि जवारीही बसलीय त्याची." जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीची घडण, तिच्यामुळे तार झणकारते. हे रेकॉर्डिंग मी बारा वर्षं ऐकतेय. त्यात तानपुरे दोन आहेत हेच मला त्या दिवशी कळलं.